साळोखे सरांचा शत्रू

शत्रूला इंग्रजीत काय म्हणतात, असं कुणी विचारलं की साळोखे सर कानाची पाळी ओढत आणि उलट विचारत, "कोणता शत्रू? बॉर्डरवरचा, की शेजारचा?" उत्तर मिळाल्याशिवाय ते पुढे जात नसत. शब्द मागायला आलेल्या माणसाला आधी आपली भांडणं तपासायला लागायची. पुष्कळदा तो शब्द न घेताच परत जायचा.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वडील फौजेत नाईक, आई चौथी शिकलेली, आणि माण तालुक्यातल्या आमच्या भावकीत माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी लपवत नाही, मिरवतो. पण माझ्या अंगात जे काही इंग्रजी आहे ते कॉलेजानं दिलेलं नाही. ते सागरपुरातल्या एका पिठाच्या चक्कीच्या वरच्या खोलीत मिळालं.

सागरपूर दिल्ली छावणीच्या भिंतीला लागून. भिंतीच्या आत आमचे बाप कवायत करायचे आणि बाहेर, चौधरीच्या चक्कीवर, साळोखे सर क्लास घ्यायचे. बाकांवर पिठाचा बारीक थर कायम असायचा. बाजारात कुणाच्या पँटीचा मागचा भाग पांढरा दिसला की समजायचं, हा साळोखे मास्तरांचा. चक्की सुरू झाली की जमीन थरथरायची आणि सर आवाज एक पट्टी वर न्यायचे. चक्की थांबली तरी तो खाली यायचा नाही. घरी बायकोकडे, आमच्या मालन काकूंकडे, चहा मागतानासुद्धा ते परेड ग्राउंडच्या पलीकडून मागितल्यासारखा मागत.

सर फौजेत शिक्षण हवालदार होते. जवानांना बढतीच्या परीक्षेसाठी इंग्रजी शिकवायचं, नकाशा शिकवायचा. निवृत्त झाल्यावर बाकीचे गावाकडं गेले, सर दिल्लीतच राहिले. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "गावी इंग्रजी कुणाशी बोलू? म्हशीशी?" कडक इस्त्रीचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हिवाळ्यात त्यावर कोपरांना ठिगळं असलेली फौजी जर्सी, आणि पिठातून चालूनही संध्याकाळपर्यंत चमकणारे तपकिरी बूट. मिशी अशी काटेकोर, की एखाद्या दिवशी तीही वेळेवर क्लासला हजर होईल असं वाटायचं.

त्यांचा आवडता धडा शत्रूंचा. कुठल्या पुस्तकात तो नव्हता. दर नव्या तुकडीला ते पहिल्या पंधरवड्यातच तो देत.

एनिमी हा शब्द ते फार जपून वापरायचे. तो फौजेचा आहे, म्हणत, घरात आणू नका. "एनिमीला नाव नसतं. नकाशावर लाल पेन्सिलीनं काढतो ना आपण, तो एनिमी. त्याचं नाव कळलं, घरी पोरंबाळं किती ते कळलं, की बंदूक जड होते." रायव्हल मात्र त्यांच्या मायेचा शब्द. रायव्हलला तुमचीच वस्तू हवी असते, म्हणजे तुमची आवड त्याला कळलेली असते; जगात एवढं तुम्हाला ओळखणारे कितीसे असतात? कॉम्पिटिटर म्हणजे रांगेतला पुढचा माणूस, त्याची फक्त पाठ दिसते. अ‍ॅडव्हर्सरी हा कोर्टकचेरीचा, इस्त्रीतला शब्द, रोज घालायचा नाही. आणि फो? "तो कवितेत राहतो. त्याला नोकरीच्या अर्जात ओढू नका, साहेब हसेल."

मग प्रत्येकानं उठून आपल्या आयुष्यातलं वाक्य सांगायचं. मी तेव्हा नवा होतो. वडिलांना लाज वाटू नये म्हणून घरून पाठ करून आलेलं मोठं वाक्य मी ठोकलं, की गरिबी ही माझी एनिमी आहे. वर्गात एकदोघांनी माना डोलावल्या. सरांनी पाळी ओढली.

"एनिमीला तू नको असतोस, माने. गरिबीला तू हवाही नाहीस आणि नकोही नाहीस. तिला तू माहीतच नाहीस. बस खाली, दुसरा शब्द शोधून ये."

तो दुसरा शब्द मला कधी सापडला नाही. सरांना सापडला असता, असं तेव्हा वाटायचं.

सगळ्यात वरचा मान ऑपोनंटला. ऑपोनंट म्हणजे तासाभराचा पाहुणा. सरांचं लहानपण कोल्हापुराकडच्या तालमीत गेलेलं. समोरच्याच्या हाताला माती लावल्याशिवाय कुस्ती धरायची नाही, ही तिथली सलामी त्यांच्या रक्तात होती, आणि दिल्लीत माती नव्हती म्हणून त्यांनी तिचं पाणी केलं. दर शनिवारी क्लासात वादविवाद व्हायचा. दोन खुर्च्या समोरासमोर, मध्ये टेबल, टेबलावर पितळी पेले. बोलायला उठण्याआधी समोरच्याला आपल्या हातानं पाणी द्यायचं. आणि सगळं बोलून झाल्यावर, निकालाआधी, उभं राहून समोरच्याचा सगळ्यात चांगला मुद्दा आपल्या तोंडानं सांगायचा. माय ऑपोनंट्स बेस्ट पॉइंट वॉज. हे जो सांगू शकला नाही तो कितीही छान बोलला असला तरी हरला. आणि खोटं सांगायचं नाही. नसलेला मुद्दा दयेपोटी दिला तर सर जागच्या जागी थांबवायचे, "भीक घालतोयस का त्याला?"

घरी हे सगळं मालन काकूंपुढे चालायचं नाही. त्यांचं आणि शेजारच्या सरदारणीचं नळावरून नेहमीचं. एकदा काकू तणतणत आल्या आणि म्हणाल्या, ही बाई माझी सात जन्माची वैरीण आहे. सरांनी चष्मा वर केला. वैरीण म्हणजे नेमकी कोणती, पाणी दोघींना हवं आहे म्हटल्यावर ती तर रायव्हल झाली, असं त्यांनी समजावून सांगायला घेतलं.

"इंग्रजीत ती काय असेल ते असू दे," काकू म्हणाल्या, "मराठीत तिनं माझी बादली सरकवली."

सर हा किस्सा स्वतःच सांगायचे आणि निकाल काकूंच्या बाजूनं द्यायचे.

मग ती वर्षं आली. पालमच्या पलीकडं शेतं सपाट होऊन द्वारकेचे सेक्टर उभे राहायला लागले. बुलडोझरची धूळ पिठावर बसायला लागली. टीव्हीवर चॅनेल वाढले, बाटलीतली नवी पेयं आली, परदेशी कंपन्या आल्या, आणि गुडगावला काचेच्या इमारती व्हायला लागल्या. मी तोवर बी.ए. होऊन एका मंत्रालयात कारकून झालो होतो, सरोजिनी नगरच्या क्वार्टरात राहायला गेलो होतो, पण शनिवारी सुट्टी असल्यामुळं वादविवादाला यायचो. गेलो की सर पेपर उघडून दाखवायचे. दोन पेयवाल्या कंपन्यांचं युद्ध, साबणांची लढाई, अमक्यानं तमक्याला संपवलं. सरांना ते मनापासून लागायचं. साबण विकायला एनिमी कशाला लागतो, म्हणायचे, अंगावर मळ आहे तेवढा पुरे की.

त्याच सुमाराला आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्यावर, एक इन्स्टिट्यूट उघडलं. नाव सांगत नाही. आता ते कुणाला आठवतही नसेल. काचेचं दार, एसी, कंप्युटर, आणि इंग्रजी बोलायची हमी. चालवणारा भाटिया म्हणून तिशीतला तरुण. गल्लीतल्या लोकांना वाटलं, आता जुंपणार. चौधरीनं तर सरांना सांगितलं, की मास्टरजी, बिजलीचा मीटर कुणाच्या नावावर आहे बघतो, दोन दिवस अंधारात बसवतो. सरांनी त्याला हात जोडले. आणि उद्घाटनाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, नारळ आणि पेढे घेऊन, स्वतः भाटियाकडं गेले.

परत आले तेव्हा खूश होते. भाटिया किती अदबीनं वागला, वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली, हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं. आणि पुढं म्हणाले, मी त्याला वादविवादाचं आव्हान देऊन आलो. फौजेत शेजारची पलटण आली की पहिल्या महिन्यात मॅच व्हायचीच. इथंही व्हावी. त्याची पोरं आणि आपली पोरं. तो लगेच हो म्हणाला. वर हॉलही त्याचाच देतो म्हणाला, आमच्या चक्कीवर पालक कुठं मावणार?

काकू भाकरी थापत होत्या. त्यांनी हात न थांबवता विचारलं, "जिंकायचं ते त्याच्याच घरात जाऊन कशाला?"

"अगं, रायव्हलच्या घरी जिंकण्यात मान असतो."

"मान घेऊन पोरं परत येतील ना?"

सर हसले. काकूंना खेळातलं कळत नाही, अशा अर्थानं माझ्याकडं बघून हसले.

तयारी त्यांनी महिनाभर केली. शुभांगी पवार म्हणून एका सुभेदाराची मुलगी होती, बारीक, सावळी, बोलायला उठली की चक्कीसुद्धा ऐकते असं सर म्हणायचे. तिला त्यांनी पुढं घातलं. परदेशी कंपन्या देशाच्या हिताच्या आहेत की नाहीत, हा विषय. पितळी पेले घासून सोबत नेले. छावणीतले झाडून सगळे पालक आले. आमचे वडीलही रिटायर होऊन गावी जायच्या आधी त्या दिवशी मुद्दाम आले. जूनची दुपार, बाहेर लूचा गरम वारा सुटलेला, आणि काचेचं दार ढकललं की अंगावर गारवा यायचा. बायका पदर सारखे करून त्या गारव्यात बसल्या आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरची तगमग उतरली. मुलांची लहान भावंडं कंप्युटरपुढं उभी राहिली. भाटियाच्या माणसानं त्यांना चित्रं काढायला बसवलं.

वादविवाद आपण जिंकला. नुसता जिंकला नाही, एकतर्फी जिंकला. शुभांगीनं समोरच्या मुलाला पाणी दिलं तेव्हा तो गोंधळला, मला तहान नाही म्हणाला. शेवटी तिनं त्याचा चांगला मुद्दा इतका नीट मांडून सांगितला की त्यानं स्वतःला टाळ्या वाजवल्या. भाटियानं स्वतः उठून सरांना कप दिला आणि माइकवर म्हणाला की आमच्या मुलांना अजून पुष्कळ शिकायचं आहे. सरांनी त्याला सलाम केला. खराखुरा, फौजी. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना इतकं सुखी आधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

जुलैत नवी तुकडी बसायची. बसली नाही.

म्हणजे चार-दोन पोरं आली. बाकीची काचेच्या दारातून आत गेली. पालक वाईट नव्हते. त्यांनी सरांना रस्त्यात गाठून सांगितलं, मास्तर, तुमच्यासारखं शिकवणं नाही, पण तिथं कंप्युटर पण आहे, सर्टिफिकेट मिळतं, आणि उन्हाळ्यात पोरीला तेवढाच गारवा. सर मान हलवून बिल्कुल, बिल्कुल म्हणायचे. तो गारवा त्या सगळ्यांना दाखवायला त्यांनीच नेलं होतं, हे कुणी बोललं नाही.  

शुभांगीही तिकडंच गेली. दिवाळीच्या आधी ती पेढे घेऊन चक्कीचा जिना चढून आली. गुडगावच्या एका कंपनीत स्वागताच्या काउंटरवर तिला नोकरी लागली होती. दारातच उभी राहिली.

"सर, रागावला नाहीत ना?"

"पोरी, तू माझी कोण लागतेस, की मी रागावू?" सर म्हणाले, आणि पेढा अख्खा तोंडात टाकला. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. पण ते तसं बाहेर आलं, आणि ती लवकरच गेली.

भाटिया स्वतः आला तेव्हा थंडी पडली होती. वाकून नमस्कार केला, पिठाच्या बाकावर रुमाल न टाकता बसला. सर, तुम्ही आमच्याकडं या, म्हणाला, सेल्सच्या मुलांना बोलायला शिकवा, इज्जतीनं ठेवतो. सर गेले. जावंच लागलं. तिथं भिंतीवर मोठी पाटी होती, बाजार ही लढाई आहे, एनिमीला ओळखा. समोर वीस-बावीस वर्षांची मुलं, गळ्यात टाय. वॉटर फिल्टर विकायचे ते शिकत होती, आणि दुसऱ्या फिल्टरवाल्याला एनिमी म्हणत होती. सरांनी आपला धडा काढला. एनिमी, रायव्हल, ऑपोनंट. मुलांना मजा वाटली, पण त्यांनी विचारलं, सर, हे इंटरव्ह्यूत विचारतात का? फिल्टर कंपनीवाल्यांनी भाटियाला सांगितलं की म्हातारा चांगला आहे, पण मुलं त्याच्या तासानंतर थंड होऊन बाहेर येतात. समोरच्या दुकानदाराला आधी पाणी विचारतात. भाटियानं ते सरांना सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. ते लोक पैसे मुलांतल्या गरमीचेच देतात, सर, म्हणाला. होळीपर्यंत सर परत चक्कीवर आले. भाटिया गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला होता.

त्या आठवड्यात मी त्यांच्याकडं गेलो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, सर, हा माणूस गोड बोलून तुमच्या मुळावर आला, हा तुमचा दुश्मन आहे, आता तरी म्हणा.

सरांनी पाळी ओढली. "कोणता?"

"कोणता काय सर, कोणताही."

"नाही, नीट सांग. एनिमी? मी संपावं असं त्याला कधी वाटलं नाही, त्याला वाईटच वाटलं. रायव्हल? त्याला माझा क्लास नकोच होता रे, त्याला गुडगावच्या कंपन्या पाहिजे होत्या. कॉम्पिटिटर म्हणू, तर आम्ही एका रांगेत कधी होतो? ऑपोनंट होता, एक तास. तो तास मी जिंकलो." बोलता बोलता त्यांनी एकेक बोट मिटलं होतं. "सगळे शब्द लावून बघितले, माने. बसायला जागा तोच देतो, पाया तोच पडतो. आयुष्यभर पोरांना सांगितलं, समोर कोण आहे ते आधी ओळखा. आणि इथं समोर कुणीच नाही. मग माझं हे केलं कुणी?"

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांच्याकडं मराठीत एखादा शब्द असेल असं मला वाटलं. त्यांनी कप ठेवला आणि आत गेल्या.

पुढं बाकी काही राहिलं नव्हतं. चौधरीनंही वाईटपणा घेतला नाही. तो वर आला, सरांच्या शेजारी बसला, गुडघ्यावर हात ठेवला. मास्टरजी, लड़के ने दुकान खोलनी है, म्हणाला, टाइलों की. द्वारकेत एवढे फ्लॅट होताहेत, प्रत्येकाला बाथरूम पाहिजे. चक्कीही बंद करतोय, तयार आट्याची थैली मिळते तर गहू कोण दळतं? आपको जितना टाइम चाहिए, ले लो. सर म्हणाले, अच्छा, महिन्याअखेर खोली देतो. चौधरी जिना उतरताना रडत होता, असं काकू म्हणाल्या.

बाकं खाली उतरवायला मी शनिवारी गेलो. चक्कीचं यंत्र आधीच काढून नेलं होतं. खोली इतकी शांत होती की पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. इतक्या वर्षांत तो पंखा कुरकुरतो हे मला माहीत नव्हतं. बाकं भिंतीला लावलेली. मध्ये टेबल, दोन खुर्च्या समोरासमोर, आणि घासलेले पितळी पेले. सर जर्सी घालून उभे होते, थंडी नसताना.

"शनिवार आहे," ते म्हणाले. "बस समोर."

विषय त्यांनीच सांगितला. हा क्लास बंद व्हावा. बाजूनं ते बोलणार, विरोधात मी. त्यांनी आपल्या हातानं मला पाणी दिलं. मी त्यांना दिलं.

सर इंग्रजीत बोलले, आणि चक्की नसूनही त्याच वरच्या पट्टीत. इतकं चांगलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मुलांना जे लागतं ते इथं मिळत नाही. इथं शब्दांतला फरक शिकवतात आणि बाहेर फरकाला गिऱ्हाईक नाही. ज्या जगासाठी हा माणूस पोरं तयार करत होता, त्यात दोन माणसं समोरासमोर बसायची. आता कुणी कुणासमोर बसत नाही. एक मुद्दा वाया गेला नाही. स्वतःबद्दल एक शब्द कडू नव्हता.

मग मी उठलो. मला इथं इंग्रजी मिळालं, नोकरी मिळाली, हे बोललो. शुभांगीबद्दल बोललो. माझ्या बापाबद्दल बोललो, जो त्या दिवशी एसीत बसून सरांसाठी टाळ्या वाजवत होता. माझा आवाज चढला, पदवीधर माणसाला शोभेल असं सगळं मी बोललो, आणि बोलता बोलताच मला ऐकू आलं की हे सगळं होऊन गेलेलं आहे. उद्या सकाळी कोण येणार, कशासाठी, हे मला सांगता आलं नाही. मी खाली बसलो.

निकालाआधीचा नियम राहिला होता. सर उभे राहिले. हात मागे बांधले.

"माय ऑपोनंट्स बेस्ट पॉइंट," ते म्हणाले, आणि आवाज पहिल्यांदाच खालच्या पट्टीत आला, "वॉज..."

त्यांनी कानाची पाळी ओढली. खाली ट्रकमधून टाइल्सचे खोके उतरवत होते, एकेक खोका जमिनीला लागल्याचा आवाज वर येत होता. खिडकीतून द्वारकेकडच्या क्रेन दिसत होत्या. सर माझ्याकडं बघत होते, मन लावून, माझ्या सगळ्या बोलण्यातून पुन्हा एकदा फिरून येत असल्यासारखे. नसलेला मुद्दा त्यांनी आजवर कुणाला दिला नव्हता. मी पेला धरून वाट बघत होतो, आणि ते शोधत होते.